वडिलांच्या मेंदूत पाणी साठलंय म्हणे, कशामुळे होतं आणि गोळ्यांनी जाईल का?

भाऊ, वडील ७० चे, चालताना पाय घासतात, धुळ्याला सीटी केला त्यात पाणी जास्त दिसलं आणि आता न्यूरोसर्जनला दाखवायला सांगितलंय, एवढं तुम्ही लिहिलंय त्यावरून सांगतो. मी डॉक्टर नाही, पण आमच्या आईचं ह्याच कारणानं ऑपरेशन झालंय.

पहिलं म्हणजे घाबरू नका, हे पाणी सगळ्यांच्याच डोक्यात असतं. मेंदूच्या आत पोकळ्या असतात तिथं ते तयार होतं, दिवसाला जवळपास ५०० मिली, पण एका वेळेला मेंदू आणि मणका मिळून असतं साधारण १५० मिलीच, कारण बाकीचं मेंदूभोवती फिरून रक्तात शोषलं जातं. मोटर चालू राहिली आणि चारी बुजली तर पाणी बांधावर चढणारच, तसं इथं रस्ता अडला किंवा शोषणं कमी झालं की पोकळ्या फुगतात आणि मेंदूवर दाब येतो. लहान बाळांत रस्ता जन्मतःच बारीक असतो, किंवा पाठीच्या कण्याचा दोष असतो, किंवा दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत रक्त उतरतं, अशा बाळाचं डोकं भराभर वाढायला लागतं. मोठ्यांत गाठ, ब्रेन हॅमरेज, डोक्याला मार, आणि आपल्याकडं टीबीचा मेंदूज्वर हे एक मोठं कारण. वडिलांना यातलं काही आधी झालं असेल तर पंधरा वर्षांपूर्वीचं असलं तरी सांगा. म्हाताऱ्या माणसांत बऱ्याचदा कारण सापडतच नाही, आईचंही सापडलं नाही.

आता तुमच्या कामाचं. ७० च्या माणसाच्या स्कॅनमध्ये पाणी जास्त दिसतंय याचे तीन वेगळे अर्थ निघू शकतात आणि तिघांचा इलाज वेगळा. वयानं मेंदू थोडा आकसतो आणि मोकळ्या जागेत पाणी भरतं, त्याला ऑपरेशन लागत नाही, करून फायदाही नाही. दुसरं, कवटी आणि मेंदूच्या मध्ये जुनं पातळ झालेलं रक्त किंवा पाणी साठतं, गाडीवरून पडले, न्हाणीत घसरले, तेव्हा काही वाटलं नाही आणि काही आठवड्यांनी पाय लटपटायला लागले असं होतं, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. त्यात कवटीला छोटं भोक पाडून ते काढतात, माणूस बऱ्याचदा झपाट्यानं सुधारतो, पण परत साठू शकतं म्हणून पुन्हा स्कॅन करतात. आणि तिसरं आईचं होतं ते, म्हणजे वर सांगितलं तसं पोकळ्यांतच पाणी साठून त्या फुगणं, त्याला एनपीएच (नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस) म्हणतात. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीला कळ लागली की थांबवता न येणं आणि विसरभोळेपणा, सहसा चाल आधी बिघडते. गावात सगळे म्हणतात वय झालं, आणि खरंच वय झालेलं असतं ना, म्हणून कोणी खोलात जात नाही.

हे ओळखायला एक टेस्ट आहे, ती जरूर विचारा. कंबरेतून सुई घालून ३० ते ५० मिली पाणी काढतात आणि आधी-नंतर चालवून बघतात, चाल सुधारली तर ऑपरेशनचा फायदा होण्याची शक्यता चांगली. आईला त्या दिवशी वॉर्डात इतक्यांदा चालवलं की ती फिजिओच्या पोरीला म्हणाली, "आते काय शर्यत लावानी शे का?" पण फरक दिसला आम्हाला. मात्र टेस्टमध्ये फरक नाही दिसला म्हणून फायदा होणारच नाही असंही पक्कं नसतं.

गोळ्यांचं विचारलंय तर एनपीएच गोळ्यांनी जात नाही. तरुण बायांत दाब वाढायचा एक वेगळा आजार असतो त्यात गोळ्या चालतात, टीबीत टीबीची औषधं लागतातच, पण तुमच्या वडिलांसारख्यात गोळीनं पाणी आटवू म्हणणारा भेटला तर पैसे खिशात ठेवा. लेप, जडीबुटी तेच.

ऑपरेशन म्हणजे शंट. पोकळीतून बारीक नळी, कानामागं व्हॉल्व्ह, आणि कातडीखालून मानेतून छातीवरून पोटात सोडतात, पोट ते पाणी शोषून घेतं. काही रुग्णांत, विशेषतः रस्ता आतच अडलेला असेल तर, दुर्बिणीनं मेंदूतच नवी वाट करतात, मग नळी लागत नाही. शंटनं चाल सगळ्यात जास्त सुधारते, लघवीचा त्रास त्याहून कमी, विसरणं सगळ्यात कमी. आई आता भाकरी थापते, गल्लीत फिरते, पण काल काय जेवली विचारलं तर अडखळते.

नळीचं टेन्शन मात्र आयुष्यभर राहतं, ती बुजू शकते, इन्फेक्शन होऊ शकतं (बहुतेक पहिल्या काही महिन्यांत), पाणी जास्त ओढलं तर कवटीखाली रक्त साठू शकतं. व्हॉल्व्ह बाहेरून मॅग्नेटनं सेट होणारा असेल तर एमआरआयच्या आधी टेक्निशियनला सांगायचं आणि नंतर सेटिंग तपासून घ्यायची. त्याचं कार्ड पाकिटातच ठेवा.

खर्चाचं, महात्मा फुले योजनेत बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणारा माणूस) ऍडमिट व्हायच्या आधी विचारा, रेशनकार्ड-आधार सोबत असू द्या. नाशिक किंवा संभाजीनगर जिथं जाल तिथं नुसता रिपोर्ट नाही, स्कॅनची सीडी न्या आणि वडील चालताना, वळताना, खुर्चीतून उठताना असा मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या, डॉक्टरांना त्यातून बरंच कळतं. आणि मधेच उलट्या, भयंकर डोकेदुखी, झापड येऊन नीट जागं न होणं, फिट, असलं काही झालं तर अपॉइंटमेंटची तारीख बघत बसू नका, १०८ बोलवा.