आंबा संपला, आता न्यूजलेटरमध्ये काय लिहू?

छोट्या व्यावसायिकांचे प्रश्न वेगवेगळ्या गावांहून येतात, घोळ मात्र एकच: विकायला माल नसेल तर ईमेलमध्ये लिहायचं काय? म्हणून त्यांची उत्तरं पुन्हा एकदा.

प्रश्न: न्यूजलेटर किती दिवसांनी पाठवावं?

महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला.

प्रश्न: आमची देवगडला हापूसची बाग आहे. जूननंतर फळ नसतं, म्हणून सणांच्या शुभेच्छा पाठवतो. चालेल ना?

नाही चालणार. गणपतीचं तेच चित्र गिऱ्हाइकाला बँकेकडून, विमा एजंटाकडून आणि मेहुण्याकडूनही आलेलं असतं. या तिघांकडे नाही ती बाग तुमच्याकडे आहे, आणि तिच्याबद्दल तुम्ही चकार शब्द लिहीत नाही! पावसाळ्यात खतं घालता, बांडगुळं काढता, ते फोटोसकट दाखवा. मोहोर लांबला तर पेट्या उशिरा निघणार हे डिसेंबर-जानेवारीतच कळवा, एप्रिलात सबबी नकोत. पहिली पेटी निघायच्या आधी सांगा की आंबा पेंढ्यातच ठेवा, पिकेपर्यंत फ्रिज नको. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ठरलेल्या भागातल्या आंब्यालाच ते नाव लावता येतं. तुमची त्याखाली नोंदणी असेल तर ती कशी तपासायची तेही लिहा, कारण ‘देवगड’ छापलेल्या खोक्यातून भलताच आंबा विकणारे कमी नाहीत.

आणि साक्यावर लिहा. फळ बाहेरून पिवळंधमक, कापलं की आत पांढरट, आंबट गर. हा फोन दर हंगामात येतो की नाही? बाहेरून साका ओळखू येत नाही आणि तसं फळ निघालं तर आम्ही काय भरपाई देतो, हे गिऱ्हाइकाला पेटी घ्यायच्या आधी कळू द्या. कारणं मात्र ऐकीव नकोत, दापोलीच्या कृषी विद्यापीठात विचारून घ्या. विषय सुचत नाहीत म्हणे! फोन घेणाऱ्या मुलाच्या हातात वही द्या आणि गिऱ्हाइकाचा प्रत्येक प्रश्न त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यायला सांगा.

प्रश्न: नाचणीच्या बिस्किटांनी मधुमेह बरा होतो असं लिहू का? व्हॉट्सॲपवर सगळेच लिहितात.

लिहू नका. खाद्यपदार्थाच्या जाहिरातीत रोग बरा करण्याचा दावा कायद्याला चालत नाही. नाचणी किती टक्के, साखर किती, तूप की वनस्पती, हे लिहा. मजकूर आधी अन्न परवान्याचं काम बघणाऱ्या सल्लागाराच्या नजरेखालून घाला.

प्रश्न: एक जण ५०,००० ईमेल पत्त्यांची यादी स्वस्तात देतोय. घ्यावी का?

अजिबात नको. जीमेल पाठवणाऱ्याला स्पॅमच्या, म्हणजे ‘हे पत्र नको होतं’ अशा, तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगतं, म्हणजे हजारात तीनसुद्धा जास्तच. अनोळखी माणसं तेवढ्या तक्रारी हसत करतील आणि मग जुन्या गिऱ्हाइकाला पाठवलेलं पत्रही स्पॅममध्ये जाऊन पडेल. विकणारा तोवर पुढच्या दुकानात. शिवाय २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. ‘संमती घेतलेली आहे’ हे विकणाऱ्याचं तोंडी आश्वासन तिथे कामाचं नाही. यादी घेऊन बसला असाल तर एकही ईमेल न पाठवता वकिलाला गाठा, या आठवड्यातच.

प्रश्न: निम्मे लोक ईमेल उघडतात असं दिसतं, पण ऑर्डर येत नाहीत.

त्या आकड्यावर जाऊ नका. पत्रातलं चित्र उतरलं की पत्र उघडलं, असं तो मोजतो. ॲपलचं मेल ॲप २०२१पासून ईमेलमधली चित्रं स्वतःच आधी उतरवून ठेवतं, त्यामुळे न वाचलेलं पत्रही उघडलेलं दिसतं. त्यापेक्षा पत्राला उत्तरं किती आली ते मोजा.