फोम लावलेल्या पायाशी माती भरताना

प्रश्न : कॅनडात घर बांधतोय. तळघराच्या भिंतींना बाहेरून एक्सपीएस फोमचे (थंडी अडवणाऱ्या कडक पॉलिस्टायरीनचे) तक्ते लावलेत. माती कधी आणि कशी भरावी?

उत्तर : तळघरावरचा मजला बसेपर्यंत थांबा, वरून आधार नसेल तर मातीच्या रेट्याने भिंत आत फुगते. तळाच्या निचरा-पाइपवर धुतलेली खडी, तिच्यावर गाळणकापड. मग जाड वाळू २० सेंमीच्या थरांनी भरून हलकेच दाबा. गोठलेली ढेकळं मुळीच नकोत! ती वितळली की माती खचते आणि पावसाचं पाणी घराकडे वळतं. वरचे ३० सेंमी चिकणमाती, घरापासून बाहेरच्या बाजूला २ मीटरमध्ये १० सेंमी उतार.

जमिनीच्या पातळीच्या वर भिंतीवर उघडा राहिलेला फोम उन्हाने पिवळा पडतो, बोट फिरवलं की भुकटी लागते. माती भरण्याआधीच त्यावर जाळी बसवून सिमेंटचा गिलावा करा, जमिनीखाली २० सेंमीपर्यंत.