बुटक्या पीककडे आधी बघ

प्रिय,

गुन्ह्याच्या नमुन्यातल्या डीएनएच्या एसटीआरचा (डीएनएमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांचा, म्हणजे रिपीटचा) ग्राफ समोर आला की नजर उंच पीककडे, म्हणजे टोकाकडे जाते. (मराठीत हे पीक ऐकून शेतच आठवतं, पण प्रयोगशाळेत हाच शब्द रुळलाय.) तू आधी बुटकी बघ, घोळ तिथेच होतो.

समज, एका लोकसवर (डीएनएवरच्या ठरलेल्या जागी) 15 रिपीटला 2000 आरएफयूचं (हे पीकच्या उंचीचं एकक) पीक आहे आणि 14 ला 180 चं. दुसरा माणूस? बहुधा नाही. पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती काढताना, एन्झाइम घसरतं, एक रिपीट गळतो आणि मुख्य पीकच्या एक घर अलीकडे स्टटर, म्हणजे खोटं बुटकं पीक, उभा राहतो. हा 9 टक्के झाला. चार बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) रिपीटला 5 ते 15 टक्के नेहमीचंच. पण तिथे 600 दिसलं तर स्टटर म्हणून उडवू नकोस. एखाद्याच लोकसवर तीन पीक दिसली, तर ती एकाच माणसाची असू शकतात. चार-पाच लोकसवर दिसली की मिश्र नमुना धरूनच चाल.

क्वांट, म्हणजे डीएनए किती आहे याचं मोजमाप, न बघता पीसीआर लावू नकोस. एका पेशीत साधारण 6.6 पिकोग्रॅम डीएनए, म्हणजे 1 नॅनोग्रॅमला दीडशे पेशी. बहुतेक किटना अर्धा ते एक नॅनोग्रॅम पुरतो. 0.1 नॅनोग्रॅमवर आलास की पेशी उरल्या पंधराच. मग त्या लोकसवरच्या दोनपैकी एक अ‍ॅलील (आई-वडिलांकडून आलेल्या दोन रूपांपैकी एक) गळतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, हा होमोझायगस, म्हणजे दोन्ही रूपं सारखीच. डीएनए भरमसाट टाकलंस तर निळ्या डायच्या (पीकना रंग देणाऱ्या द्रव्याच्या) पीकची सावली हिरव्यात पडते.

जीन्सवरच्या डागात इंडिगो असतो, रक्तात हीम. दोन्ही पीसीआरला अडवतात. लांब लोकस (ग्राफच्या उजवीकडचे) आधी बसतात, ग्राफ उजवीकडे उतरत जातो. अशा वेळी अर्क, म्हणजे नमुन्यातून काढलेलं डीएनएचं द्रावण, वाढवू नकोस, अडथळाही वाढतो. पातळ कर किंवा पुन्हा धुऊन घे.

प्रत्येक बॅचला ब्लँक (नमुना न घालता केलेली चाचणी) लाव, कोऱ्या स्वॅबचासुद्धा (नमुना पुसून घ्यायच्या बोळ्याचा). जर्मनीत अनेक गुन्ह्यांच्या जागी एकाच बाईचं डीएनए सापडत होतं आणि पोलीस कित्येक वर्षं तिच्या मागे होते. 2009 मध्ये उलगडलं की ते डीएनए स्वॅब हाताळणाऱ्या कामगार बाईचं होतं. स्वॅब निर्जंतुक होते, पण जंतू मेले म्हणून डीएनए जात नाही.

आणि संशयिताचा प्रोफाइल (त्याच्या डीएनएचा निकाल) आधी उघडू नकोस. तो डोळ्यासमोर असला की 180 चं पीकही हवं तसं दिसायला लागतं. पुराव्याचा ग्राफ वाच, अ‍ॅलील लिही, तारीख घालून सही कर. मग दुसरी फाइल उघड.