वऱ्हाड घेताना एकही गोळी झाडावी लागली नाही

औद्योगिक क्रांतीनंतर युरोपीय देशांनी साम्राज्यं वाढवली ती कच्च्या मालासाठी की मोठेपणासाठी, आणि मशीनगन नसती तर त्यांना ते जमलं असतं का, असं तुम्ही विचारलंय. आतापर्यंतची सगळी उत्तरं आफ्रिकेवर आहेत. ती चूक नाहीत. १८९८ मध्ये सुदानात ओमदुरमानला मॅक्झिम मशीनगनसमोर एका सकाळीत १०,००० च्या आसपास माणसं पडली आणि इंग्रजांच्या बाजूची ५० सुद्धा नाही. पण फक्त बंदुकांकडे बघितलं तर त्या काळातली दुसरी रीत नजरेतून सुटते. ती म्हणजे कर्जाची. माझं आजोळ मूर्तिजापूरचं, म्हणून मी वऱ्हाडाचंच सांगतो.

आधी तीन तारखा लागोपाठ वाचा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. २० एप्रिलला गव्हर्नर जनरल डलहौसीने रेल्वेवरचं आपलं मोठं टिपण लिहिलं. इंग्लंडला कापूस हवा आहे, हिंदुस्थानात तो पिकतो, पण लांबच्या मुलखातून बंदरापर्यंत आणायची सोय नाही, हे त्यात उघड मांडलेलं आहे. आणि २१ मे १८५३ च्या तहाने हैदराबादच्या निजामाचं वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेलं, थकलेल्या कर्जापायी. सगळं पाच आठवड्यांत.

आता ते कर्ज कसलं? निजाम आणि कंपनीच्या १८०० च्या तहात ठरलं होतं की युद्ध झालं तर निजामाने ६,००० पायदळ आणि ९,००० घोडदळ मदतीला द्यायचं. युद्ध झालं तर! पण १८१८ ला पेशवाई बुडाली, लढायला कुणी उरलं नाही, तरी ही फौज मोडली नाही. हैदराबाद कंटिंजंट या नावाने ती कायमची उभी राहिली. अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा, म्हणजे निजामाच्या दरबारातल्या कंपनीच्या वकिलाचा, पगार मात्र निजामाच्या तिजोरीतून. तिजोरी रिकामी असली की कंपनी स्वतःच पैसे भरायची आणि ते निजामाच्या नावावर मांडायची. १८५३ पर्यंत ही बाकी ४० लाखांच्या वर गेली. मग मागणी आली: पैसे नसतील तर मुलूख लावून द्या.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कर्ज कापसासाठी मुद्दाम रचलं असं मी म्हणणार नाही, ते कापसाच्या ओढीपेक्षा जुनं आहे. पण कर्जाच्या बदल्यात काय मागायचं आणि काय धरून ठेवायचं, हे ठरवताना कापूस डोळ्यासमोर होता, असं माझं ठाम मत आहे. पुढच्याच वर्षी, १८५४ ला, वारस नाही म्हणून नागपूर खालसा केलं, तेव्हाही डलहौसीने कापसाचा फायदा लिहून ठेवलाच.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते १८६० चं कलम. १८५३ च्या तहात निदान एवढं होतं की कंपनीने दरवर्षी वऱ्हाडाचा हिशेब द्यावा आणि खर्च भागून उरेल ते निजामाला परत करावं. १८५७ मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला, त्याचं बक्षीस म्हणून १८६० ला कर्ज माफ झालं, धाराशिव आणि रायचूर दोआब परत मिळाले. वऱ्हाड नाही मिळालं. उलट वऱ्हाडाचा हिशेब यापुढे मागणार नाही, हे निजामाकडून लिहून घेतलं. कर्ज संपलं, तारण तसंच राहिलं! पुढे निजामाचा दिवाण सालारजंग याने वऱ्हाड परत मिळवण्यासाठी वर्षानुवर्षं खटपट केली, काही झालं नाही. १९०२ ला व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला २५ लाखांवर कायमचा पट्टा करून घेतला.

आणि हिशेब सोडायला लावला तो नेमका केव्हा? पुढच्याच वर्षी, १८६१ ला, अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस अडला, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या आणि इथल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला.

त्याआधी वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांवर लादून पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा. वाटेत धूळ बसायची, पावसात भिजायचा. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली. ती बांधणाऱ्या विलायती कंपनीला ५ टक्के परताव्याची हमी होती, आणि ती इथल्या महसुलातून. १८७० ला खामगावचा फाटा सुरू झाला, उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय मेयो आला होता. जेमतेम १२-१३ किलोमीटरच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय येतो, यातच खामगावच्या कापूस बाजाराचं वजन कळतं. त्याच वर्षी मुंबई विलायतेशी समुद्री तारेने जोडली गेली. बंडीवर कापूस घेऊन आलेल्या कुणब्याचा भाव आता लिव्हरपूलला ठरू लागला.

ज्वारीच्या रानात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आली. जमीन गहाण पडू लागली, सावकाराकडे जाऊ लागली. बोंड काही खाता येत नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात ना कापूस पिकला, ना ज्वारी, ना निंदणी-वेचणीची मजुरी मिळाली. १९०१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे ५ टक्क्यांनी घटलेली दिसते.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: मोठेपणाची चढाओढ आफ्रिकेत होती, कारण तिथे फ्रान्स, जर्मनी, बेल्जियमचा राजा असे सगळेच धावत होते. वऱ्हाडासाठी इंग्रजांशी स्पर्धा करणारं कुणीच नव्हतं. इथे फौज होती, पण ती लढली नाही, तिचा फक्त पगार थकला.

मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळला जाणारी शकुंतला ही छोट्या रुळांची गाडी लहानपणी मी पाहिलीय, तिच्यात बसलोय. ती लाइनही विलायती कंपनीने कापसासाठीच टाकलेली. तिचं वाफेचं इंजिन १९२१ चं, मँचेस्टरला बनलेलं. १९९४ पर्यंत ते धावत होतं.

पुढे वाचायचं असेल तर १८५३ आणि १८६० चे तह शेजारी ठेवा आणि दोन्हींतलं फक्त हिशेबाचं कलम वाचा.