'सिएलेवी' म्हणणारं मूल

प्रिय बाळा,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. केनियात शिकवायला जाऊन तुला सहा महिने झाले, वर्गात किनाऱ्याजवळच्या गिरियामा जमातीची 62 मुलं, सगळी एका सुरात "येस टीचर" म्हणतात आणि वहीत काहीच उतरत नाही. रात्री कंदिलापाशी बसून तू विचारतोस, माझं पाचारण खरं होतं का? त्याबद्दल मी बोलणार नाही, ते तू आणि प्रभू बघा. मला एवढंच सांग, तुझ्या वर्गातलं एखादं मूल आजवर "सिएलेवी" म्हणालं का? स्वाहिलीत 'मला समजलं नाही', एवढाच त्याचा अर्थ. सहा महिन्यांत 62 मुलांपैकी एकालाही हे म्हणावंसं वाटलं नसेल, तर ती तुला घाबरतात किंवा तुझा मान राखतात. शिकत मात्र नाहीत.

आधी त्यांची भाषा शीक. बाकी सगळं नंतर.

मी केनियाच्या किनाऱ्यावरच्या किलिफीच्या आतल्या भागात गेले तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. नगरच्या मंडळीने हार घालून निरोप दिला होता. केनियात 8-4-4 पद्धत (आठ वर्षं प्राथमिक, चार माध्यमिक, चार विद्यापीठ) नुकतीच, 1985 साली, आली होती. आठवीची परीक्षा इंग्रजीतून. पहिल्या तीन इयत्तांत त्या त्या भागातली भाषा वापरायची असं कागदावर होतं, पण वर्गात तसं फारसं कुणी करत नव्हतं. आमच्या शाळेत लाकडाची एक चकती होती. जो आपल्या भाषेत बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात ती अडकवायची. मग त्याने दुसऱ्याला पकडून द्यायचं आणि चकती त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना जिच्या किंवा ज्याच्या गळ्यात ती राहील, त्याला छड्या.

ती प्रथा मी सुरू केली नव्हती. पण बंदही केली नाही. आणि एकदा माझ्या हातांनी ती एका मुलीच्या गळ्यात घातली. तिचा गुन्हा काय, तर ती धाकट्या भावाला पाणी पी म्हणून सांगत होती.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. आठवड्याने मी तिच्या घरी गेले. आई दारात मका निवडत होती. तिने मला बसायला स्टूल दिलं. मी माफी मागायला गेले होते आणि माझ्याकडे शब्द नव्हते. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला गिरियामा येत नव्हती, आणि स्वाहिली मला बाजारापुरती. किती पैसे, किती किलो, आणि आभारी आहे. मी "आसांते" म्हणून परत आले. ज्या बाईच्या लेकीचा मी अपमान केला होता, तिला मी धन्यवाद देऊन आले! हे मी आजवर मंडळीत कधी सांगितलं नाही.

तेव्हा मला तीन वर्षं झाली होती तिथे. तीन वर्षं मी मुलांकडून चार ऋतूंची नावं घोकून घेतली. 'ऑटम' म्हणताना त्यांचे चेहरे कोरे असायचे. आणि हीच पोरं मासिका म्हणजे मोठा पाऊस कधी लागेल, वुली म्हणजे छोटा पाऊस कधी, दक्षिणेकडचा कुसी वारा कुठून येतो आणि उत्तरेकडचा कास्काझी कुठून, हे आभाळाकडे न बघता सांगायची. या वाऱ्यांवर शिडाची गलबतं शतकानुशतकं आफ्रिकेहून आपल्या किनाऱ्याला आणि इकडून तिकडे गेली. केवढा धडा होता तो माझ्या हाताशी! मला ते शब्दच माहीत नव्हते, मग धडा कुठून दिसणार?

तू लिहितोस की स्वाहिली जमायला लागली आहे. छान. पण स्वाहिली ही शाळेची, बाजाराची भाषा झाली. रात्री आजी गोष्ट सांगते ती गिरियामात. ताप आला की मूल कण्हतं ते गिरियामात. तिथवर पोच.

वेळ नाही म्हणतोस, दोनच वर्षांची नेमणूक आहे. हे वाक्य वाचून मला राग आला, लपवत नाही. तू राहतोस तिथून राबई लांब नाही. एकदा जाऊन ये. तिथे मिशन सुरू करणारे जर्मन मिशनरी क्राप्फ 1844 साली मोंबासाला उतरले. दोन-अडीच महिन्यांत बायको आणि नुकतीच जन्मलेली मुलगी, दोघी तापाने गेल्या. त्या माणसाने काय केलं? शब्द गोळा केले. त्यांचे सोबती रेबमान 1846 ला आले आणि 29 वर्षं घरी परतले नाहीत, शब्दकोश करता करता डोळे गेले. त्यांच्या हयातीत बाप्तिस्मे झाले ते बोटांवर मोजण्याइतके. कुणी त्यांना अयशस्वी म्हणेल. मी म्हणणार नाही.

आणि नाशिकला आलास की शरणपूर रोडवरून जाताना जरा थांब. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथल्या मिशनच्या आश्रयाला वाढली. जेकब वेनराइट तिथलाच, आफ्रिकेत वारलेल्या मिशनरी-प्रवासी लिव्हिंगस्टनचा देह किनाऱ्याला आणणाऱ्यांपैकी एक. 1875 च्या सुमारास त्यांतले बरेच जण मोंबासाजवळच्या फ्रीअर टाउनला, सोडवलेल्या गुलामांच्या वसाहतीत, परत गेले. अनेकांची आईची भाषा लहानपणीच हिरावली गेली होती. ती जखम मनात धर आणि मग वर्गात उभा राहा. तू जहाजातून कुणाला पळवलेलं नाहीस. पण मुलाच्या तोंडातून भाषा काढून घ्यायला जहाज लागत नाही.

पालकांनाच इंग्रजी हवं आहे, असंही तू लिहिलंस. हवंच. शिकव. मुलाला गिरियामात वाचता येऊ दे, त्याच्या खांद्यावर इंग्रजी चढव. उलटं करू नकोस. माझी आजी उपासनेत परक्या चालींची गीतं नुसते ओठ हलवून म्हणायची. ना. वा. टिळकांचं भजन सुरू झालं की टाळ मागून घ्यायची. पेंटेकॉस्टच्या दिवशी शिष्यांचं बोलणं प्रत्येकाने आपापल्या भाषेत ऐकलं, हे तू संडे स्कूलमध्ये शिकवतोस ना? मग सोमवारी काय होतं तुला?

चौथ्या वर्षी मी चकती चुलीत घातली. त्यावरून बोलणी खाल्ली. त्या वर्षी वर्गात फारसं शिकवलं नाही, दुपारी बायकांबरोबर बसून शब्द लिहून घेतले. अहवालात किती मुलांनी प्रभूला स्वीकारलं हा रकाना असायचा, तो मी कोरा ठेवायची. नऊ वर्षांच्या मुलाने भीतीपोटी हो म्हणणं मी मोजणार नव्हते. मला हट्टी म्हणाले, कामचुकार म्हणाले, नवव्या वर्षी नेमणूक संपवली. वडील वारले तेव्हाही मी तिथेच होते, आले नाही, आणि भावाने ते कधी माफ केलं नाही. पण रकान्याच्या बाबतीत मी चुकले नव्हते. आजही तो कोराच ठेवीन. कारण पाचव्या वर्षी, भागाकार चालू असताना, मागच्या बाकावरच्या एका पोराने हात वर केला आणि "सिएलेवी" म्हणाला. पुन्हा समजावलं तर पुन्हा तेच म्हणाला. तिसऱ्यांदा मी गिरियामात सांगितलं, नारळ वाटून. त्या दिवशी मला कळलं की मी शिक्षिका झाले.

तू परत यायचं म्हणतोस. ये, मी अडवणार नाही. पण 'सिएलेवी' ऐकल्याशिवाय येऊ नकोस.

गुडघ्याची काळजी नको करूस, आता काठी घेऊन चालते. पुढच्या पत्रात फोटो पाठवू नकोस. तुझ्या शेजारच्या आजीकडे बस, आणि तिने सांगितलेले वीस शब्द मला लिहून पाठव. माझे बरेच विसरायला झाले आहेत.

तुझी,
बाई