पाचव्या दिवसाचा रकाना

नाशिक

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा रामकुंडावर सरांच्या दशक्रियेला तू मागे पायऱ्यांवर उभी होतीस. निघताना विचारलंस, "मॅडम, सर्जरी घेऊ का? आणि आर्मीचा फॉर्म भरू का?" त्या गर्दीत काय बोलणार, म्हणून हे पत्र. तू सरांना पाहिलंस ते म्हातारपणी, देवळाली कॅम्पच्या घरात व्हरांड्यात पेपर वाचताना. मी त्यांच्या हाताखाली आले १९८६ मध्ये. त्यामुळे आधी त्यांच्याबद्दलच सांगते, तुझ्या प्रश्नाकडे ओघाने येईनच.

१९६२च्या चीन युद्धानंतर सैन्याला डॉक्टर हवे होते. सर नुकतेच एमबीबीएस झालेले. आर्मी मेडिकल कोअरमध्ये गेले, तिथेच सर्जन झाले आणि १९७१च्या डिसेंबरात शकरगड आघाडीच्या मागे एका तंबूत उभे राहिले. पुढे बसंतर नदीच्या काठाने सुरुंग पेरलेले होते. सुरुंगावर पाय पडला की माती, बुटाचं चामडं, मोज्याचे धागे सगळं पोटरीत वर घुसतं. बाहेर दिसते त्याहून जखम आत कितीतरी वर गेलेली असते. अशी जखम लगेच शिवायची नसते, हे सरांनी मला इतक्या वेळा सांगितलं की अजून टाका घालताना कानात ऐकू येतं.

आधी मांस बघायचं. मेलेला स्नायू काळपट आणि लिबलिबीत असतो, चिमट्यात धरला तर आकसत नाही, कापला तर रक्त येत नाही. तो सगळा काढायचा, कारण गॅस गँग्रीनचे जंतू अशाच मेलेल्या, प्राणवायू न पोचणाऱ्या मांसात वाढतात. भरपूर पाण्याने धुवायचं, गॉज सैल भरायचं आणि जखम उघडी ठेवायची. चौथ्या-पाचव्या दिवशी परत बघायचं. स्वच्छ, लाल असेल तर तेव्हा टाके.

पण पाचव्या दिवशी तो जवान सरांच्या तंबूत कुठे असायचा? पठाणकोटला, नाहीतर तिथूनही मागे कुठल्यातरी लष्करी इस्पितळात. टाके दुसराच कोणी घालायचा. पाय राहिला की गेला, माणूस वाचला की नाही, सरांना कळायचंच नाही.

त्यांची एक निळ्या पुठ्ठ्याची वही आहे. काकूंनी ती परवा माझ्याकडे दिली. पेन्सिलने आखलेले रकाने: नंबर, रँक, जखम, काय केलं. शेवटच्या रकान्यावर लिहिलंय 'पाचवा दिवस'. पानंच्या पानं तो रकाना कोरा आहे. एकाच ओळीपुढे वेगळ्या शाईत तीन शब्द आहेत: '१९७३, पुणे. चालतो.'

त्या ओळीची गोष्ट काकूंकडून ऐकलेली. १९७३ मध्ये सर सुट्टीवर आले, काकूंच्या माहेरी पुण्याला निघाले आणि स्टेशनवरून आधी टांगा वळवला तो कृत्रिम अवयव केंद्राकडे. काकू दीड वर्षाच्या लेकीला घेऊन बाहेर बाकावर दोन तास बसून राहिल्या. सर आले ते डोळे पुसतच. "एक सापडला. चालतोय. त्याने मला ओळखलं नाही."

"तुम्ही कसं ओळखलंत?"

"मी पाय ओळखला."

काकू ही गोष्ट कौतुकाने सांगत नाहीत, हे नीट लक्षात घे. लेक झाली १९७२च्या जानेवारीत, तेव्हा सर आघाडीवरच होते. त्यांनी तिला पहिल्यांदा पाहिलं ती सात महिन्यांची झाल्यावर, आणि ती त्यांना बघून रडली. "माझ्या वाट्याला बाकच आला," असं काकू एकदा म्हणाल्या, सरांच्या समोर. सर काही बोलले नाहीत.

देवळालीच्या मिलिटरी हॉस्पिटलची पोस्टिंग ही त्यांची शेवटची. मुदतीआधी निवृत्ती घेऊन इथेच राहिले. मी गेले तेव्हा लेक चौदा वर्षांची होती. रोज सकाळी सहा वाजता सर तिच्या वेण्या घालायचे. मी एकदा केसचे कागद घेऊन लवकर गेले होते, तेव्हा पाहिलं. कंगवा तोंडात धरलेला, लाल रिबिनी खांद्यावर, आणि बोटांची तीच चाल जी ऑपरेशनला असायची, कुठे घाई नाही. बाहेर आर्टिलरीच्या रेंजवर फायरिंग चालू होतं, खिडकीची काच थरथरत होती. बोटं थांबली नाहीत. परवा लेक म्हणाली, "बाबांनी घातलेली वेणी संध्याकाळपर्यंत सुटायची नाही." वेण्या झाल्या की सर राउंडला यायचे आणि प्रत्येक पेशंटचं ड्रेसिंग स्वतः सोडायचे. सिस्टरवर सोपवायचे नाहीत, माझ्यावरही नाही. मला तेव्हा राग यायचा.

मग माझ्या हातून ते झालं. तेव्हा मी रात्रपाळीला दुसऱ्या एका दवाखान्यातही जायची. निफाडकडचा एक ऊसतोड करणारा पोरगा आला, पाय ट्रॉलीच्या चाकाखाली आलेला, जखमेत शेताची माती. मी धुतलं आणि सुंदर शिवलं. खरंच सुंदर, बारीक, एकसारखे टाके. तिसऱ्या दिवशी त्याला ताप भरला, पाय सुजला, वास यायला लागला. मी सरांना बोलावलं. त्यांनी माझे टाके एकेक करून कापले, आतलं काळं मांस काढलं, जखम उघडी ठेवली. पोराचा पाय वाचला, पण पुढे मांडीची कातडी लावावी लागली आणि त्याचा तो हंगाम बुडाला. सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "रोज तूच उघडायचं. मी बघणार नाही." मी सव्वा महिना रोज उघडलं. सर्जरी मी तिथे शिकले.

तर आता तुझं. सर्जरी घे, हात चांगले आहेत तुझे. पण रेसिडेन्सीत काम कितीही असलं तरी तू शिवलेली जखम तू उघड. डिस्चार्ज झालेल्याला परत बोलाव, नाही आला तर फोन कर. त्याला भाडं परवडत नसेल तर तू जा. सर सिन्नरपर्यंत स्कूटरवर जायचे.

आर्मीचंही मला मनापासून वाटतं की जावंस. मात्र फॉर्म भरण्याआधी घरच्यांना बसवून बोल, आणि एक दुपार काकूंकडे जा. त्यांना सरांबद्दल नको विचारूस, त्यांच्याबद्दल विचार. घर कुणी कुणी ओढलं, किती बदल्यांत किती शाळा बदलल्या, हे त्याच सांगू शकतील.

निळी वही मी तुला दाखवीन, देणार नाही. नाशिकच्या वह्या मात्र घेऊन जा, अठरा आहेत. त्यात शेवटचा रकाना भरलेला आहे, काही ठिकाणी 'वारला' असंही लिहिलेलं आहे.

सोमवारी सकाळी सातला ये. येताना अर्धा किलो द्राक्षं आण, थॉमसन, जरा कडक बघून. सरांनी मला पहिला टाका द्राक्षाच्या सालीवर घालायला लावला होता, गर न फाटता. सुई-धागा माझ्याकडे आहे.

तुझी,
मॅडम