वाचकांचे प्रश्न : लोकसभेच्या उपाध्यक्षाची खुर्ची

या महिन्यात बरेच प्रश्न संसदेबद्दल आलेत, आणि त्यातले निम्मे तरी एकाच पदाबद्दल आहेत, म्हणून यावेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून फक्त लोकसभेच्या उपाध्यक्षपदावरच बोलूया.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. कुठे उपाध्यक्ष लिहिलेलं असतं, कुठे उपसभापती. नक्की काय म्हणायचं? आणि उपाध्यक्ष म्हणजे अध्यक्षांच्या हाताखालचा माणूस ना?

उत्तर : लोकसभेचे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष, राज्यसभेचे सभापती आणि उपसभापती, हे डोक्यात पक्कं बसवा. पेपरवाले आणि चॅनलवाले लोकसभेलासुद्धा सभापती म्हणतात त्यामुळे घोळ होतो.

आता हाताखालचा का, तर अजिबात नाही, आणि हा गैरसमज इतका पसरलाय की जरा सविस्तर सांगते. संविधानाच्या कलम 93 मध्ये एकाच वाक्यात म्हटलंय की लोकसभा आपल्या दोन सदस्यांना अनुक्रमे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष म्हणून निवडेल, म्हणजे दोघांनाही सभागृहच निवडतं, अध्यक्ष काही उपाध्यक्ष नेमत नाहीत. आणि कलम 94 तर मला फार आवडतं, अध्यक्षांना राजीनामा द्यायचा असेल तर तो उपाध्यक्षांकडे द्यायचा आणि उपाध्यक्षांनी द्यायचा असेल तर अध्यक्षांकडे. राष्ट्रपती नाही, पंतप्रधान नाही, सभागृहाचा मामला सभागृहातच. काढायचं असेल तर दोघांसाठी नियम सारखाच, 14 दिवस आधी नोटीस आणि सभागृहाच्या त्या वेळच्या एकूण सदस्यांच्या बहुमताने ठराव. खुर्चीवर बसल्यावर उपाध्यक्षांना अध्यक्षांचे सगळे अधिकार असतात, निम्मे-पाव असं काही नसतं.

प्रश्न : उपाध्यक्ष झाल्यावर पक्ष सोडावा लागतो का? मत देता येतं का?

उत्तर : पक्ष सोडायची सक्ती नाही. कुणाला निष्पक्ष राहण्यासाठी सोडायचाच असेल तर संविधानाच्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, तशी सवलत आहे, पक्षांतर धरत नाहीत. खुर्चीवर नसतील तेव्हा इतर खासदारांसारखं बोलायचं, मत द्यायचं. खुर्चीवर असताना मात्र फक्त समसमान मतं पडली तरच निर्णायक मत. आणि एक छोटी गोष्ट जी पुस्तकांत बहुतेक राहून जाते, संसदेच्या एखाद्या समितीवर उपाध्यक्षांना सदस्य म्हणून घेतलं तर त्या समितीचे अध्यक्ष तेच होतात.

प्रश्न : हे पद विरोधी पक्षाला द्यायचं असा नियम आहे का? आमच्या ग्रुपवर यावरून दोन दिवस भांडण चाललंय.

उत्तर : नियम नाही, प्रथा आहे, आणि तीही हळूहळू तयार झालेली.

पद तसं जुनं आहे. 1919 च्या कायद्यानंतर 1921 मध्ये केंद्रीय कायदेमंडळ आलं तेव्हा अध्यक्षाला प्रेसिडेंट आणि उपाध्यक्षाला डेप्युटी प्रेसिडेंट म्हणायचे, सच्चिदानंद सिन्हा हे पहिले डेप्युटी प्रेसिडेंट. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या लोकसभेत 1952 मध्ये एम. अनंतशयनम अय्यंगार उपाध्यक्ष झाले, ते काँग्रेसचेच. 27 फेब्रुवारी 1956 ला लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर गेले, अय्यंगार अध्यक्ष झाले आणि रिकाम्या झालेल्या जागेवर सरदार हुकम सिंग आले, ते अकाली दलाचे. म्हणजे पंडित नेहरूंच्या काळात, काँग्रेसकडे तुफान बहुमत असताना, सत्तेबाहेरच्या माणसाला ही खुर्ची मिळाली होती. नंतर पुन्हा काँग्रेसचे लोक आले, त्यात आपल्याकडचे र. के. खाडिलकरही होते. मग शिलाँगकडचे जी. जी. स्वेल, त्यांचा पक्ष तर डोंगरी भागातला छोटासा प्रादेशिक पक्ष.

1990 पासून मात्र चित्र एकदम स्पष्ट दिसतं. व्ही. पी. सिंगांचं सरकार होतं तेव्हा काँग्रेसचे शिवराज पाटील, नरसिंह रावांच्या वेळी भाजपचे मल्लिकार्जुनय्या, संयुक्त आघाडीच्या वेळी भाजपचे सूरज भान, वाजपेयींच्या वेळी काँग्रेसचे पी. एम. सईद, मनमोहन सिंगांच्या पहिल्या टर्ममध्ये अकाली दलाचे चरणजितसिंग अटवाल आणि दुसऱ्या टर्ममध्ये भाजपचे करिया मुंडा. सरकारं बदलली, आघाड्या बदलल्या, तरी एवढी वर्षं कुणी ही प्रथा मोडली नाही. 2014 ला अण्णाद्रमुकचे थंबीदुराई आले, ते सरकारात नव्हते पण कडवे विरोधकही नव्हते. त्यामुळे तुमच्या ग्रुपवर जे "नियम आहे" म्हणतायत ते चुकतायत आणि जे "काहीच नाही" म्हणतायत तेही चुकतायत. आणि हो, या सगळ्या यादीत एकही बाई नाही, हे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. राज्यसभेत व्हायोलेट अल्वा 1962 मध्येच उपसभापती झाल्या होत्या.

प्रश्न : 2019 पासून उपाध्यक्षच नव्हते तरी संसद चालली ना? मग एवढं काय अडतं?

उत्तर : चालली, हे खरं. 17 व्या लोकसभेने 2019 ते 2024 अशी पूर्ण पाच वर्षं उपाध्यक्षाशिवाय काढली, असं आधी कधीच झालं नव्हतं, आणि जून 2024 मध्ये 18 वी लोकसभा बसली तिचंही पहिलं वर्ष तसंच गेलं. अध्यक्ष खुर्चीवर नसतात तेव्हा रोजचं कामकाज तालिका अध्यक्ष सांभाळतात, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या सदस्यांच्या यादीतलं कुणीतरी, दहापर्यंत सदस्यांची ती तालिका असते. पण अडचण नेमकी तिथेच आहे, ती तालिका लोकसभेचे अध्यक्ष स्वतः नेमतात.

समजा अध्यक्षांनाच हटवायचा ठराव आला. त्या वेळी अध्यक्ष सभागृहात बसू शकतात, बोलू शकतात, पण खुर्चीवर बसू शकत नाहीत, कलम 96. डिसेंबर 1954 मध्ये मावळंकरांविरुद्ध असा ठराव आला तेव्हा खुर्चीवर अय्यंगार होते, 1987 मध्ये बलराम जाखडांविरुद्ध आला तेव्हा थंबीदुराई, ते तेव्हाही उपाध्यक्ष होते. दोघंही सभागृहाने निवडलेले. आता उपाध्यक्षच नसेल तर ते काम तालिकेतल्या सदस्याकडे जाणार, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध ठराव त्यांनीच नेमलेल्या माणसाकडे. त्या माणसाच्या प्रामाणिकपणावर मला शंका घ्यायची नाहीये, पण व्यवस्था अशी असू नये एवढं नक्की.

आणि 3 मार्च 2002 आठवा. अध्यक्ष बालयोगी हेलिकॉप्टर अपघातात गेले, ऐन बजेट अधिवेशनात. त्याच दिवसापासून अध्यक्षपदाचं सगळं काम उपाध्यक्ष सईदांकडे आलं आणि ते 10 मे ला मनोहर जोशी अध्यक्ष होईपर्यंत त्यांनीच पाहिलं, मधे 26 मार्चला पोटा या दहशतवादविरोधी विधेयकासाठी दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक झाली, तीसुद्धा सईदांच्याच अध्यक्षतेखाली. एक काँग्रेसचा माणूस, काँग्रेसचा कडाडून विरोध असलेलं विधेयक, आणि बैठक पार पडली. उपाध्यक्ष नसते तर आधी राष्ट्रपतींना कुणाला तरी नेमावं लागलं असतं, तालिकेतल्यांना अध्यक्षपद रिकामं असताना ते काम आपोआप मिळत नाही.

आपल्या विधानसभेत तर हे ताजंच आहे. फेब्रुवारी 2021 ला नाना पटोलेंनी राजीनामा दिला, तिथून जुलै 2022 पर्यंत अध्यक्षच नव्हते, आणि सरकार पडण्याच्या त्या सगळ्या गदारोळात आमदारांच्या अपात्रतेच्या नोटिसा काढल्या त्या उपाध्यक्ष नरहरी झिरवाळांनी. तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राने हे पद काय असतं ते बघितलंय.

प्रश्न : मग निवडणूक का लावत नाहीत? कुणी लावायची असते?

उत्तर : अध्यक्षांच्या निवडणुकीची तारीख राष्ट्रपती ठरवतात आणि उपाध्यक्षांच्या निवडणुकीची तारीख लोकसभेचे अध्यक्ष, लोकसभेच्या कामकाज नियमांतला नियम 8. संविधानात दिवसांची मुदत दिलेली नाही, "शक्य तितक्या लवकर" एवढेच शब्द आहेत, आणि सगळी पळवाट तिथेच. फेब्रुवारी 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने यावरच्या जनहित याचिकेत केंद्राला नोटीस काढली, जून 2025 मध्ये मल्लिकार्जुन खर्गेंनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं. माझं मत विचाराल तर मुदत घालणारी दुरुस्ती करावी, 60 दिवस म्हणा, 90 म्हणा, पण आकडा हवा. "शक्य तितक्या लवकर" म्हणजे किती याचं उत्तर खरं तर पहिल्याच लोकसभेने दिलं होतं, मावळंकर 15 मे 1952 ला निवडून आले आणि अय्यंगार 30 मे ला.